पाहिलेल्या प्राणी-पक्ष्यांचा स्वतःचा ऑनलाइन फोटोसंग्रह कसा तयार करायचा? संपूर्ण माहिती

तुमच्या फोनची गॅलरी एकदा उघडून बघा. सेल्फी, लग्नाचे फोटो, 'शुभ सकाळ'चे मेसेज, आणि त्यातच कुठेतरी विहिरीवर बसलेला खंड्या, बांधावरचा सरडा, घराच्या वळचणीतला पिंगळा. फोटो आपण काढतो, पण दोन वर्षांनी तो कुठे काढला, कधी काढला, प्राणी नेमका कोणता होता, काहीच आठवत नाही.

मी पाथर्डी तालुक्यातला. आमच्याकडे गर्भगिरीचे डोंगर आहेत, माळरान आहे, ज्वारीची रानं आहेत. हिवाळ्यात ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. शाळेत असल्यापासून मी दिसेल त्या प्राण्याचा फोटो काढायचो. तीन वर्षांचे फोटो एकाच फोनमध्ये होते. एक दिवस मोटार चालू करताना फोन वरच्या खिशातून थेट विहिरीत गेला. फोन नवीन घेता आला, फोटो गेले ते गेलेच. त्यानंतर मी हा संग्रह नीट ऑनलाइन ठेवायला शिकलो. काय शिकलो, आणि त्यात माझ्याकडून झालेली एक मोठी चूक, दोन्ही या लेखात सांगतो.

आधी फोनची सेटिंग बघा

प्राण्याच्या फोटोला किंमत येते ती तीन गोष्टींमुळे: कोण दिसलं, कुठे दिसलं, कधी दिसलं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी फोन स्वतःच लिहून ठेवतो. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि जागा साठवता येते. त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' चालू पाहिजे. माळावर रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहावरून जागा घेतं. फक्त जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो.

इथे बरेच जण फसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती निघून जाते, वर फोटोही बारीक होतो. स्क्रीनशॉटचंही तेच. मित्राने काढलेला फोटो जपून ठेवायचा असेल तर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

पायरी 1: मूळ फोटोंचा बॅकअप

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे गूगल फोटोज. पूर्वी इथे ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता यायचे. 1 जून 2021 पासून ती सोय बंद झाली. आता फुकटात 15 जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज या तिघांत मिळून असते. एक फोटो 4 एमबीचा धरला तर साधारण 3,700 फोटो बसतात. एकट्या प्राण्यांसाठी हे पुष्कळ आहे, पण तेवढ्याच जागेत व्हिडिओ आणि फॉरवर्डही भरले तर लवकर संपतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा.

या गोष्टी लक्षात ठेवा:

- बॅकअप झालेला फोटो गूगल फोटोजमधून डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि ऑनलाइनही जातो. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा.
- चुकून डिलीट झालेला, बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतो. तोपर्यंत परत आणता येतो.
- खातं सलग 2 वर्षं वापरलं नाही तर त्यातला मजकूर काढून टाकला जाऊ शकतो. जुनं खातं असेल तर अधूनमधून उघडत जा.
- प्राण्यांसाठी वेगळा अल्बम करा. 'पक्षी', 'साप-सरडे', 'फुलपाखरं' एवढे विभाग सुरुवातीला बास.

गूगल फोटोजमुळे फोटो सुरक्षित राहतात, पण प्राण्याचं नाव खात्रीने कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी 2: आयनॅचरलिस्टवर नोंद

आयनॅचरलिस्ट हे पाहिलेल्या सजीवांची नोंद ठेवण्यासाठीच बनवलेलं अ‍ॅप आणि वेबसाइट आहे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं. 2023 पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. वापरायला पैसे लागत नाहीत.

नोंद अशी करायची:

1. अ‍ॅपमध्ये फोटो निवडा. एकाच प्राण्याचे दोन-तीन फोटो असतील तर ते एकाच नोंदीत टाका. समोरून, बाजूने, शेपटीचा, असे वेगवेगळे असले तर ओळख सोपी होते.
2. तारीख आणि जागा फोटोतून आपोआप येते. बरोबर आहे का ते तपासा.
3. अ‍ॅप चित्रावरून नावांची यादी सुचवतं. खात्री असेल तर त्यातलं नाव निवडा. खात्री नसेल तर नुसतं 'पक्षी' किंवा 'कोळी' लिहिलं तरी चालतं.
4. प्राणी पाळीव असेल तर तशी खूण करा.
5. अपलोड करा. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहते, घरी आल्यावर पाठवता येते.

मग जगभरातले जाणकार तुमचा फोटो बघून नाव सांगतात. नोंद आधी 'नीड्स आयडी' म्हणजे ओळख बाकी, अशी दिसते. दोन किंवा जास्त जणांनी मत दिलं आणि दोन तृतीयांशांपेक्षा जास्त मतं एकाच प्रजातीवर जुळली की ती 'रिसर्च ग्रेड' होते. अशा नोंदी, तुमचा परवाना परवानगी देत असेल तर, जीबीआयएफ या जागतिक माहितीसाठ्यात जातात आणि संशोधक त्या वापरतात. म्हणजे तुमच्या बांधावरचा सरडा थेट अभ्यासात!

अ‍ॅपच्या सूचनेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी एकदा बाभळीवरच्या पक्ष्याला अ‍ॅपने सुचवलं म्हणून शिक्रा लिहिलं. एका जाणकाराने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलं, तो निघाला पावशा. पावशा दिसायला शिक्र्यासारखाच असतो, पण चोच बघितली की फरक कळतो. शिक्र्याची चोच शिकारी पक्ष्याची, आकड्यासारखी असते. पावशाची तशी नसते. चूक दाखवली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, शिकायला मिळतं ते इथेच.

पाळीव प्राण्यांचं काय? आमच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथले फोटो मी टाकले आणि पाळीवची खूण करायला विसरलो. नंतर ती खूण झाली आणि नोंदी 'कॅज्युअल' गटात गेल्या. तसंच असतं, कारण अभ्यास जंगली प्राण्यांचा करायचा असतो. पाळीव प्राण्यांचे फोटो गूगल फोटोजच्या अल्बममध्ये ठेवा, तिथे ते शोभून दिसतात.

एक महत्त्वाचं: आयनॅचरलिस्ट फोटो 2048 पिक्सेलपर्यंत लहान करून ठेवतं. म्हणून त्याला बॅकअप समजू नका. मूळ फोटो पायरी 1 प्रमाणे वेगळा ठेवायचाच.

पक्ष्यांसाठी: ईबर्ड आणि मर्लिन

ही दोन्ही अ‍ॅप्स अमेरिकेतल्या कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळेची. ईबर्ड 2002 मध्ये सुरू झालं. त्यात फोटो नसला तरी यादी टाकता येते: किती वेळ बघितलं, किती अंतर चाललो, कोणते पक्षी किती दिसले. फोनच्या कॅमेऱ्यात लांबचा पक्षी ठिपक्याएवढा येतो, तेव्हा हीच पद्धत बरी. मर्लिन आवाजावरून पक्षी ओळखतं. आपल्या भागाचा पॅक एकदा वायफायवर डाउनलोड केला की रानात नेटशिवाय चालतं.

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असते. 15 मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी टाकायची, एवढंच. सुरुवात करायला ही चांगली संधी. आम्ही मित्र एकदा शेवगावमार्गे जायकवाडीच्या पाण्यावर पक्षी बघायला गेलो होतो. तिथली यादी अजून माझ्या खात्यात तारखेसकट आहे.

फुलपाखरांचा नाद असेल तर 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' ही वेबसाइट बघा, भारतातल्या फुलपाखरांची माहिती तिथे फोटोंसकट आहे. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत कसं दिसतं, तेही तिथे बघायला मिळेल.

माझी चूक: जागा सगळ्यांना सांगू नका

आता ती गोष्ट. मार्च महिना होता. माळावर एका बिळाबाहेर खोकडाची तीन पिल्लं खेळत होती. मी बांधाआडून झूम करून फोटो काढला, आणि आनंदाच्या भरात स्टेटसला टाकला. सोबत गटाचं नाव आणि मॅपची लिंक. संध्याकाळपर्यंत चार-पाच गाड्या तिथे गेल्या होत्या. कुणी बिळात काठी घातली, कुणाचं कुत्रं सोबत होतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर बीळ रिकामं. आईने पिल्लं हलवली की काय झालं, मला आजतागायत माहीत नाही. फोटो छान आला होता, पण तो बघितला की अजून अपराधी वाटतं.

म्हणून ही सेटिंग नीट समजून घ्या. आयनॅचरलिस्टवर प्रत्येक नोंदीला जागेचे तीन पर्याय असतात:

- ओपन: नेमकी जागा सगळ्यांना दिसते.
- ऑब्स्क्युअर्ड: जागा 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते. आपल्या भागात हा चौकोन साधारण 22 किलोमीटर लांब आणि 21 किलोमीटर रुंद भरतो. त्यात कितीतरी गावं येतात, त्यामुळे बीळ सापडत नाही. तारखेचाही फक्त महिना इतरांना दिसतो.
- प्रायव्हेट: जागा कुणालाच दिसत नाही.

संकटात असलेल्या प्रजातींची जागा अ‍ॅप आपोआप झाकतं. पण खोकड जागतिक यादीत संकटग्रस्त नाही, त्यामुळे तिथे आपोआप झाकलं जाईल असं धरून चालू नका. बीळ, घरटं, अंडी, पिल्लं, घुबडाची ढोली, असं काहीही असेल तर स्वतः 'ऑब्स्क्युअर्ड' निवडा. आणि मग वर्णनात गावाचं नाव किंवा फोटोत मंदिराचा कळस ठेवू नका, नाहीतर झाकून उपयोग काय!

घराजवळचे फोटो टाकतानाही हेच करा, नाहीतर तुमच्या घराचा पत्ताच जगाला कळतो. गूगल फोटोजचा अल्बम शेअर करताना त्याच्या पर्यायांमध्ये फोटोची जागा दाखवणं बंद करता येतं, ते बंद करा.

बिबट्या आणि साप: फोटो नंतर, जीव आधी

2020 मध्ये आमच्या तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. त्या दिवसांत संध्याकाळी कुणी एकटं बाहेर पडत नव्हतं. आणि त्याच वेळी फोनवर कुठले कुठले बिबट्याचे फोटो 'आत्ताच आपल्या शिवारात दिसला' म्हणून फिरत होते. कोणता खरा, कोणता दुसऱ्या जिल्ह्यातला, काही कळत नव्हतं. असा फोटो आला तर पुढे ढकलण्याआधी गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो जुन्या बातमीत सापडला तर अफवा तिथेच थांबते.

बिबट्या स्वतःला दिसला तर फोटोसाठी थांबू नका. सुरक्षित जागी जा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. फुरसं तर एवढंसं असतं, दगडाखाली पटकन दिसतही नाही. झूम करून लांबून मिळाला फोटो तर ठीक, नाही मिळाला तर सोडून द्या. दंश झालाच तर फोटोच्या भानगडीत न पडता 108 वर फोन करा.

सुरुवात कशी करायची?

आजच कॅमेऱ्याचं लोकेशन चालू करा, बॅकअप चालू करा आणि घराच्या अंगणातल्या एका प्राण्याची नोंद करा. चिमणी, पाल, मुंगी, काहीही चालेल. 13 वर्षांपेक्षा लहान भावंडं असतील तर त्यांना आयनॅचरलिस्टचंच 'सीक' हे अ‍ॅप द्या, त्याला खातं काढावं लागत नाही.

माझ्या विहिरीतल्या तीन वर्षांची भरपाई झालेली नाही. पण आता फोन पुन्हा पाण्यात गेला तरी पावशा, भोरड्या आणि जायकवाडीची ती यादी जागेवर राहील. खोकडाची नोंदही आहे, जागा झाकलेली. यंदा मार्चमध्ये त्याच माळावर लांबून एक खोकड पुन्हा दिसलं. कुठे, ते मात्र सांगणार नाही.