गोंड कीं कोयतोर?

लोकांचें नांव पुष्कळदां त्यांचें स्वतःचें नसतें. शेजाऱ्यांनीं दिलेलें असतें. वेल्श लोक आपणांस ‘कम्री’, म्हणजे एका देशीचे, असें म्हणवितात. ‘वेल्श’ हा शब्द जर्मन कुळांतील भाषांचा असून त्याचा मूळ अर्थ परका. जुन्या इंग्रजींत त्यास ‘गुलाम’ हाहि अर्थ चिकटला. जर्मनांनीं तोच शब्द फ्रेंच व इटालियन लोकांस लाविला. अक्रोडाच्या ‘वॉलनट’ या नांवांतहि तोच परका दडला आहे. आपल्याच घरीं परक्याच्या तोंडचें नांव वागविण्याचा हा प्रकार चांद्याच्या अरण्यांतहि घडला आहे.

चांदा जिल्ह्यांतील आणि त्यांतूनच १९८२ सालीं निराळ्या झालेल्या गडचिरोलींतील गोंड आपल्या भाषेंत आपणांस ‘कोयतोर’ म्हणतो. ‘गोंड’ हें नांव इतरांनीं दिलें, असें रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालच्या ग्रंथांत नमूद केलें आहे.

मग तें आलें कोठून? जनरल कनिंगहॅम यांनीं ‘गौड’ या नांवाकडे बोट दाखविलें. कल्पना सोपी, पण आधार थोडा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं तेलुगु ‘कोंडा’, म्हणजे डोंगर, हें मूळ सुचविलें. ते १८६३ सालीं नदींत बुडून वारले. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापलीं. मत आकर्षक खरें. परंतु आंध्रांतील कोंडदोरा व कोंडरेड्डी यांच्या नांवांत ‘क’ जसाचा तसा राहिला, मग येथेंच त्याचा ‘ग’ कां व्हावा? शिवाय चांद्याच्या गोंड राजांनीं इरई व झरपट नद्यांच्या संगमाजवळ सपाटीवर दगडी कोट बांधला, आणि १७५१ सालीं भोसल्यांच्या हातीं जाईपर्यंत तेथें राज्य केलें. यांस नुसतें डोंगरी कसें म्हणावें?

‘कोयतोर’ शब्दाची सोयरीक मात्र दूरवर पोंचते. गोदावरीकांठचे कोया आणि ओडिशांतील कुई बोलणारे खोंड यांचीं नांवें त्याच घराण्यांतलीं दिसतात. भाषाहि तीच साक्ष देते. हातास गोंडींत ‘कै’, तमिळ व कानडींतहि ‘कै’. दोन म्हणजे गोंडी ‘रंड’, तेलुगु ‘रेंडु’. कित्येकांनीं या नांवांतहि डोंगरवाचक ‘को’ शोधला आहे. डोंगराचा मोह विद्वानांस सुटत नाहीं!

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत मुख्य नांव ‘गोंड’ असें आहे. ‘कोयतर’ आणि ‘कोया’ हीं त्याच्या पोटांत, इतर अनेक नांवांच्या रांगेंत, नोंदलेलीं आहेत.