बालसाक्षीची जबानी : शपथेपासून पडद्यापर्यंत

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळसारख्या तालुक्यात एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाला, तर त्याचा खटला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यापुढे चालत नाही. तो सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयापुढे चालतो. घर व शाळा यांपलीकडचे जग न पाहिलेल्या मुलास परक्या वास्तूत, परक्या माणसांपुढे आपली व्यथा सांगावी लागते. एके काळी तर ज्याची दहशत मनातून गेलेली नाही त्याच्याच समोर उभे राहून ती सांगावी लागे. या प्रथेतील क्रौर्य कायद्याच्या ध्यानी फार उशिरा आले. त्याआधी दीर्घकाळ त्याच्यापुढे निराळाच प्रश्न होता : मुलाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा काय?

इंग्लंडमध्ये १७७९ च्या ब्रेझिअर खटल्यात शपथेवाचून साक्ष नाही असे ठरले; मात्र शपथेचे गांभीर्य कळत असल्यास सात वर्षांखालील मुलाचीही साक्ष घेण्यास प्रत्यवाय उरला नाही. भारतात १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने वयाची अट घातलीच नाही. प्रश्न समजावा व सुसंगत उत्तर देता यावे, एवढेच त्याच्या ११८ व्या कलमास पुरेसे होते. तथापि १८७३ च्या शपथविषयक कायद्यामुळे शपथेचा घोळ राहिलाच. तो २० डिसेंबर १९५१ रोजी रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सोडविला. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आठ वर्षांच्या मुलीस शपथ दिली नाही एवढ्यावरून तिची साक्ष त्याज्य ठरत नाही, आणि तिने घटनेनंतर लवकरच आईला सांगितलेली हकीकत पुष्टी म्हणून ग्राह्य धरता येते, असा त्यांचा निर्णय होता. चर्चा मुलीच्या शब्दाच्या किमतीची होती. तो शब्द उच्चारताना तिला काय सोसावे लागले, हा त्या काळी विचाराचा विषयच नव्हता.

त्या दिशेने पहिले पाऊल पडले तेही महाराष्ट्रातील एका प्रकरणामुळे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील १९७२ च्या घटनेतील आरोपी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात सुटले; देशभर क्षोभ उसळला. १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराचे खटले बंद दालनात चालविणे आणि पीडितेची ओळख गुप्त ठेवणे आवश्यक झाले. दार लागले खरे, पण आरोपी दाराच्या आतच राहिला. पुरावा आरोपीच्या समक्ष घेतला पाहिजे, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे २७३ वे कलम आड येत होते, आणि ते आरोपीच्या न्याय्य हक्काचे रक्षण करणारे असल्याने सहज बाजूस सारण्याजोगेही नव्हते.

ही कोंडी फोडली ती बालकांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका खटल्याने. मुंबईतील एका शल्यविशारदावरील निष्काळजीपणाच्या आरोपात (त्यांची २०१३ साली निर्दोष मुक्तता झाली) अमेरिकेतील एक डॉक्टर साक्ष देण्यास तयार होते, परंतु भारतात येण्यास नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने दूरदृश्य साक्षीस नकार दिला. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. समक्षता म्हणजे शरीराने एका खोलीत असणेच नव्हे, आरोपीस साक्ष पाहता-ऐकता आली म्हणजे पुरे, हा त्याचा आशय. पुढील वर्षी ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेत न्यायालयाने याच निकालाचा आधार घेऊन बालकापुढे पडदा उभा केला, घटनेसंबंधीचे उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशाकडे लेखी द्यावेत असे सांगितले, आणि मुलास मध्ये विसावा देण्याचा आदेश दिला.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आलेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात हे सारे कलमबद्ध झाले. सरकारी वकिलाचे प्रश्नही आता न्यायाधीशामार्फत विचारले जातात. उलटतपासणीची धार मिळालेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढण्यात असते, ही बचाव पक्षाची तक्रार अगदीच निराधार नव्हे; पण ३६ व्या कलमाने आरोपीस साक्ष ऐकण्याची व आपल्या वकिलाशी बोलण्याची सोय राखली आहे. बालकाची साक्ष दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी, अन्यथा विलंबाची कारणे लिहावीत, असेही बंधन आहे.

पडद्यासाठी मुळात खोली लागते. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्हा न्यायालयात स्वतंत्र साक्षकेंद्र वर्षभरात उभारावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितले होते. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी त्यास तोच विषय पुन्हा हाती घ्यावा लागला आणि देखरेखीसाठी न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.