वाऱ्यात बाइट घेताय? एकट्याने शूटिंग करणाऱ्यांनी कोणता माइक घ्यावा, जाणून घ्या

गारपिटीने झोडपलेल्या बागेत शेतकरी उभा आहे. पंचनाम्याला अजून कोणी फिरकलं नाही, हे तो पोटतिडकीने सांगतोय. घरी येऊन व्हिडिओ लावला तर चित्र एकदम स्वच्छ, पण आवाजाच्या जागी नुसती वाऱ्याची घरघर. तोच माणूस तेच शब्द पुन्हा तितक्याच कळकळीने बोलत नाही. बाइट गेली ती गेलीच.

तालुक्याचे वार्ताहर, शेतीचे व्हिडिओ करणारी तरुण मंडळी, यात्रा-जत्रा टिपणारे, यांचं बहुतेक काम एकट्यानेच चालतं. माइक धरायला दुसरं कोणी नसतं. म्हणून किमतीच्याही आधी दोन गोष्टी पाहाव्यात: माइक तोंडाच्या किती जवळ जाईल आणि वाऱ्यात किती टिकेल.

अंतराचा हिशेब

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. मोबाइल सहा फुटांवर असेल, तर बोलणाऱ्याचा आवाज बारीक येतो आणि ट्रॅक्टर, पाखरं, रस्ता सगळं पुढे येतं. महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ लावलेला केव्हाही बरा.

माइकचे प्रकार

वायरचा कॉलर माइक : सर्वात स्वस्त आणि भरवशाचा. रेंजची भानगड नाही. मात्र वायर पायात येते आणि चालत-फिरत बोलणाऱ्यासाठी तो अडचणीचा ठरतो. घेताना पिन पाहावी. मोबाइलची ३.५ मिमी पिन तीन काळ्या रेघांची, तर कॅमेऱ्याची दोन रेघांची असते. अनेक नव्या मोबाइलना हे छिद्रच नसतं, तिथे टाइप-सीचा माइक किंवा कनेक्टर लागतो.

वायरलेस कॉलर माइक : शेतात फिरत बोलणाऱ्यासाठी सोयीचा. दोन माइकचा संच घेतला तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही नीट येतात. यातले बरेच माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असतात. खोक्यावर लिहिलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. मध्ये माणसाचं अंग आलं किंवा सभेत शेकडो मोबाइल असले की आवाज तुटू शकतो. माइकमध्येच रेकॉर्डिंग होणारं मॉडेल परवडलं तर घ्यावं.

शॉटगन माइक : समोरचा आवाज जास्त आणि बाजूचा कमी घेतो, पण लांबचा आवाज ओढून आणत नाही. कॅमेऱ्यावर लावला तर बोलणारा तीन-चार फुटांच्या आत हवा.

हातातला दांड्याचा माइक : मोर्चा, बाजार, मिरवणूक अशा गोंगाटात डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला की चांगलं काम देतो. एक हात मात्र अडकतो, म्हणून मोबाइल ट्रायपॉडवर लावावा.

वाऱ्याचं काय?

वारा माइकच्या पडद्यावर थेट आदळतो, त्यातून घरघर होते. ती नंतर एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही. स्पंजची टोपी झुळुकीपुरतीच. उघड्या माळावर केसाळ कव्हर लागतंच. माइकमध्ये ‘लो कट’ असेल तर सुरू करावं. बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे ठेवली किंवा भिंतीचा, झाडाचा आडोसा घेतला तरी फरक पडतो.

माइक लावायचा कुठे?

हनुवटीखाली वीतभर अंतरावर, छातीच्या मधोमध. पदराला लावलेला माइक पदर हलला की खरखरतो, मंगळसूत्र किंवा माळेचे मणीही त्यावर आपटतात. म्हणून पदर-माळ बाजूला राहील अशी जागा निवडावी. ज्येष्ठांना, महिलांना माइक हातात देऊन त्यांनाच लावायला सांगावं. उपरणं, गमछा माइकवर येऊ देऊ नये.

कोणी काय घ्यावं?

एका जागी बसून मुलाखत असेल तर वायरचा कॉलर माइक पुरे. शेतात फिरत बोलायचं असेल तर वायरलेस. गर्दीत हातातला माइक. बजेट अगदीच कमी असेल तर दुसरा मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून, त्याला वायरचा माइक जोडून आवाज वेगळा रेकॉर्ड करता येतो. सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं.

शूटिंगआधी एवढं तपासा

माइक जोडला तरी काही मोबाइल स्वतःचाच माइक वापरत राहतात. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर बोटाने हलकं खरवडावं. खरखर मोठी ऐकू आली तरच माइक चालू आहे. बॅटरी पूर्ण चार्ज असावी. जागेवर दहा सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनने ऐकावं. बाइट संपल्यावरही, समोरचा माणूस निघण्याआधी, थोडं ऐकून घ्यावं. चूक तिथेच कळली तर विनंती करून पुन्हा बोलतं करता येतं.