मोटारीच्या पडद्याचं कूळ अकोल्याचं

जलंब-खामगाव शाखेची तारीख बघायला रेल्वेची सनावळी चाळत होतो. ती मिळाली: १८७०, लॉर्ड मेयोच्या हस्ते, अर्थातच कापसासाठी. दोन वर्षं पुढे सरकलो आणि तिथेच थबकलो. १८७२ : जीआयपी रेल्वेने पहिल्या वर्गाचे डबे गार ठेवण्याचं काम ‘अकोला आणि मुंबई’च्या कुणा सॉन्डर्सकडे सोपवलं. त्याची युक्ती काय, तर वाळ्याच्या ताट्या आणि त्या ओल्या ठेवण्याची सोय.

तेव्हापासून माझं डोकं एकाच दिशेने चालतंय. मे महिन्यात आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडे भर उन्हात उभ्या असलेल्या गाड्या बघा. समोरच्या काचेवर जुनी गोधडी, गोणपाट नाहीतर ताडपत्रीचा तुकडा पसरलेला, दोन टोकं दारात दाबलेली, मधला भाग वायपरखाली खोचलेला. या जुगाडाचा खापरपणजोबा म्हणजे सॉन्डर्सची ताटी, असा माझा दावा आहे. अकोला म्हणजे बुलडाणा नव्हे, असं कुणी म्हणेलच. पण खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. तेव्हा या सॉन्डर्सवर आमचाही थोडा हक्क पोचतो.

दुसरं घराणं तेल अवीवचं. तिथल्या अब्राहम लेवीने १९७०च्या दशकात काचेमागे लावायचा घडीचा पुठ्ठा काढला, आणि पुढे आवी रुइमी व आवी फत्ताल यांनी कॅलिफोर्नियात त्याचा मोठा धंदा केला. आज दुकानात मिळणारा चंदेरी पडदा त्याच वंशातला. त्याचं श्रेय त्यांना लखलाभ! पण तो लागतो काचेच्या आत, आणि माझा सगळा वाद या ‘आत’शीच आहे. ऊन एकदा काचेतून आत आलं की चंदेरी पडदा त्यातलं बरंचसं परत धाडतो, पण उरलेल्या उन्हाने तो स्वतः तापतो आणि ती उष्णता काचेच्या आतच कोंडते. गोधडी तापते तीही, पण बाहेर. तिची उष्णता वारा घेऊन जातो. रेल्वेवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. जुन्या डब्यांना दुहेरी छत आणि खिडक्यांवर बाहेरून छज्जे असत, ते याचसाठी.

तिसरा दावेदार खुद्द अकबर. वाळ्याच्या ताट्यांचं श्रेय ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने त्याला दिलंय. दरबारी इतिहासकार आपल्या धन्याला आणखी काय देणार! पण वादापुरतं तेही मान्य करू. अकबराची ताटी महालाला होती, सॉन्डर्सची चाकांवर.

माझ्या दाव्यातली खरी अडचण वेगळीच आहे. ताटीला वारा लागतो आणि पाणी लागतं. उभ्या, बंद गाडीत दोन्ही नाही. मग रेल्वेच्या डब्यापासून मोटारीच्या काचेपर्यंत ही रीत आली कशी? माझ्या मते मधला दुवा छागल. जीपच्या, ट्रकच्या बाहेर टांगलेली ती कॅनव्हासची पिशवी पाझरून पाणी गार करायची. ओलं जाड कापड गाडीच्या बाहेर असावं, ही सवय तिने टिकवली. पुढे पाणी सुटलं आणि कापड राहिलं. याला कागदोपत्री पुरावा मागू नका. २०१९ मध्ये अहमदाबादेत कुणी अख्खी गाडी शेणाने सारवली तेव्हा लोक हसले, पण थर बाहेरून हवा हे त्या व्यक्तीलाही कळलं होतं.

ही झाकाझाक आता जास्तच गरजेची झालीय. आधीच्या गाड्यांत पत्रा जास्त आणि प्लास्टिक कमी, त्यामुळे तापलं तरी तडकायला फारसं काही नव्हतं. आता अतिनील किरण प्लास्टिकच्या साखळ्या तोडतात, त्याला मऊ ठेवणारं रसायन उष्णतेने उडून जातं आणि डॅशबोर्डला भेगा पडतात. काचेवर आतून जो तेलकट धुरकटपणा धरतो, तो बराचसा तेच उडालेलं रसायन. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजमाप छापलं : तासभर उन्हात उभ्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशांवर, डॅशबोर्ड ६९ अंशांवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८.

काळी फिल्म हा उपाय सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला बंद केला. मोटार वाहन नियमांप्रमाणे समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. त्यानंतर जाळीचे पडदे आले. मुळात समोरची काच दुहेरी असते, मधला थर अतिनील किरण जवळपास सगळे अडवतो. बाजूच्या काचा साध्या असतात. म्हणून गाडी उभी असताना बाजूलाही काहीतरी टांगा.

एवढं करा : पुठ्ठा असेल तर तो राहू द्या, पण त्यावर बाहेरून एक जाड, फिक्या रंगाचं कापड टाका, टोकं दारात दाबा. आणि निघताना ते आठवणीने काढा. वायपर त्यात अडकला तर मोटर जळू शकते.