पुरस्कार मिळाला, अहवालाचं काय?

डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पुण्याच्या माधव गाडगीळांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा जीवनगौरव पुरस्कार दिला. सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मी त्यांचा 2011 चा अहवाल उघडला.

केंद्राने 2010 मध्ये नेमलेल्या पश्चिम घाट समितीचे गाडगीळ अध्यक्ष होते. अख्खा घाट संवेदनशील माना, त्याचे तीन विभाग करा आणि कुठे काय चालेल हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असं अहवाल सांगतो. राज्यांनी विरोध केला. मग कस्तुरीरंगन समितीने 2013 मध्ये हे क्षेत्र साधारण 37 टक्क्यांवर आणलं.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. बरोब्बर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 ला, वायनाड. तिथला वैथिरी तालुका गाडगीळांनी पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील विभागात टाकला होता. अहवाल मानला असता तर सगळे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. दरड अनेक कारणांनी कोसळते. पण इशारा लिहून ठेवलेला होता.

शाल-श्रीफळ द्यायला आपण तयारच असतो. माणूस काय म्हणतोय ते ऐकणं जड जातं. तुमचं गाव घाटात असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा आणि एवढंच विचारा: आपला तालुका कुठल्या विभागात होता? भेटू पुढच्या भागात!