व्यासपीठ

व्यासपीठ : वक्ता, प्रवचनकार, गायक किंवा नट यांनी जनसमुदायास दिसावे व त्यांचा आवाज दूरवर पोहोचावा, यासाठी सभोवतालच्या भूमीपेक्षा उंच केलेली जागा. तिला प्रसंगपरत्वे मंच, रंगमंच, चौथरा, कट्टा, स्टेज इ. नावे आहेत. ही नावे आज बव्हंशी एकमेकांच्या जागी वापरली जात असली, तरी त्यांचे उगम भिन्न आहेत. काही नावे आसनावरून, काही पायरीवरून, तर काही भूमीवरून आलेली आहेत. उंच जागेवर कोणी बसावे, कोणी उभे राहावे आणि कोणी खालीच थांबावे, याविषयीच्या त्या त्या समाजाच्या कल्पना या नावांत टिकून राहिल्या आहेत. त्यामुळे या शब्दांच्या इतिहासात बोलण्याच्या अधिकाराचा इतिहासही वाचता येतो.

आसनवाचक नावे : ‘पीठ’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बसण्याचे आसन असा आहे. पुराण सांगणारा हा व्यासांचा प्रतिनिधी मानला जाई. म्हणून ज्या उच्चासनावर बसून तो पुराण सांगे, ते व्यासपीठ होय. कीर्तनपरंपरेत त्याच धर्तीवर ‘नारदाची गादी’ हा शब्द रूढ आहे. कीर्तनकार प्रत्यक्षात उभा राहून कीर्तन करतो. तथापि त्याच्या स्थानाचे नाव मात्र आसनाचेच राहिले आहे. गादीवर असेपर्यंत तो नारदस्वरूप मानला जातो आणि वयाने वडील असलेले श्रोतेही त्यास वंदन करतात. मान व्यक्तीला नसून स्थानाला आहे, ही कल्पना यामागे आहे.

हे स्थान कोणाला मिळावे, हा प्रश्न प्राचीन काळीही उपस्थित झाला होता. भागवताच्या दशम स्कंधातील एक कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. नैमिषारण्यात ऋषींचे सत्र चालू असता व्यासशिष्य रोमहर्षण हा सूत उच्चासनावर बसून पुराण सांगत होता. बलराम तेथे आला असता तो आसनावरून उठला नाही. प्रतिलोम जातीत जन्मलेला सूत ब्राह्मणांहून उंच आसनावर बसला आहे, हे पाहून बलरामाने क्रोधाने दर्भाच्या अग्राने त्याचा वध केला. तेव्हा, हे ब्रह्मासन आम्हीच त्याला दिले होते, असे ऋषींनी बलरामास सांगितले. त्यावर बलरामाने रोमहर्षणाच्या पुत्रास पुराणवक्ता नेमले आणि स्वतः प्रायश्चित्तासाठी तीर्थयात्रा पतकरली. आसनाचा अधिकार जन्माने ठरतो की श्रोत्यांच्या संमतीने, हा या कथेतील खरा वाद आहे आणि निर्णय श्रोत्यांच्या बाजूने लागला आहे.

मंच : या शब्दाचा प्रवास काहीसा उलट दिशेने झाला. अमरकोशात मंच हा शब्द खाट, पलंग यांच्या पर्यायांत येतो. उंच बैठक असाही त्याचा अर्थ होता. परंतु ती बैठक बहुधा प्रेक्षकांची असे. भागवतातील मथुरेच्या मल्लक्रीडेच्या वर्णनात राजे व नागरिक मंचांवर बसलेले आहेत आणि कृष्ण-बलराम मल्लांशी खाली रंगात झुंजतात. पिकांवरील पाखरे हाकण्यासाठी शेतात उभारलेल्या उंच माचासही मंच म्हणत. न्यायशास्त्रात व साहित्यशास्त्रात ‘मंच ओरडत आहेत’ हे लक्षणेचे एक ठरीव उदाहरण आहे : लाकडी माच ओरडू शकत नाहीत, म्हणून त्यांवरील माणसे ओरडत आहेत, असा अर्थ घ्यावयाचा. ‘माच’, ‘माचा’ व ‘मचाण’ ही रूपे याच शब्दापासून झाली आहेत. माळव्यातील ‘माच’ या लोकनाट्याचे नावही ते ज्या उंच मंचावर होते, त्यावरूनच पडले. पाहणाऱ्याच्या बैठकीचे नाव अशा रीतीने करणाऱ्याच्या जागेला मिळाले.

रंगपीठ व रंगभूमी : भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. ‘विकृष्ट’ म्हणजे लांबट आकाराचे मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावे, त्याचा पुढील अर्धा भाग प्रेक्षकांसाठी ठेवावा आणि मागील अर्ध्या भागात रंगपीठ, रंगशीर्ष व नेपथ्यगृह यांची योजना करावी, असे त्यात म्हटले आहे. मत्तवारणीची उंची दीड हात सांगितली आहे. रंगशीर्षाचा पृष्ठभाग कासवाच्या किंवा माशाच्या पाठीसारखा फुगीर नसावा, आरशासारखा सपाट असावा, हा नियम नर्तकाच्या पावलांचा विचार करून केलेला दिसतो. ‘रंगभूमी’ या शब्दात मात्र उंचीचा निर्देश नाही. खेळाची, झुंजीची किंवा नाट्याची भूमी एवढाच त्याचा अर्थ आहे. कोकणातील दशावतारासारखे खेळ सपाट जमिनीवरच होत आले आहेत. तमाशातील ‘फड’ हा शब्दही मोकळी जागा, जमाव आणि कलावंतांचा ताफा या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. उंचीचा संबंध त्यात नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले. पुढे नाटकगृहांमुळे उंच रंगमंच सर्वत्र रूढ झाला; तथापि संपूर्ण नाट्यकलेचे नाव म्हणून मराठीने ‘रंगभूमी’ हाच शब्द कायम ठेवला.

इतरत्र आढळणारी नावे : भारतीय परंपरेतील प्रवचनकार बहुधा बसून बोले, ग्रीक व रोमन परंपरेतील सार्वजनिक वक्ता उभा राहून बोले. हा भेद नावांतही उमटला आहे. अथेन्स येथील निक्स टेकडीवर नागरिकांची सभा भरे. तेथील वक्त्याच्या चौथऱ्यास ‘बेमा’ म्हणत. पाऊल टाकणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून हा शब्द झाला. खडकात कोरलेला हा चौथरा अद्याप पाहावयास मिळतो. ‘कोणास बोलावयाचे आहे ?’ असे भालदार पुकारी आणि कोणाही नागरिकास बेमावर चढता येई. मात्र स्त्रिया, गुलाम व परकीय रहिवासी यांना नागरिकत्वच नव्हते. हा चौथरा पूर्वी समुद्राच्या दिशेस होता, तो इ. स. पू. ४०४ मध्ये सत्तेवर आलेल्या तीस जुलमी शासकांनी जमिनीच्या दिशेस वळविला, असे प्लूटार्कने नमूद केले आहे. सागरी सत्तेतून लोकशाही निर्माण होते, अशी त्यांची धारणा होती.

रोममधील वक्त्यांच्या चौथऱ्यास ‘रोस्ट्रा’ म्हणत. इ. स. पू. ३३८ मध्ये अँटियम येथे जिंकलेल्या जहाजांच्या चोची, म्हणजे नाळेवरील धातूची टोके, त्यावर बसविण्यात आली होती. चोच या अर्थाचाच तो शब्द आहे. सिसरोने येथूनच भाषणे केली आणि इ. स. पू. ४३ मध्ये त्याचा वध झाल्यावर त्याचे मस्तक व हात येथेच टांगण्यात आले. न्यायाधिकाऱ्याची खुर्ची ज्या उंचवट्यावर ठेवीत, तो ‘ट्रिब्यूनल’ होय. पुढे तो शब्द न्यायसभेचा वाचक झाला. मराठीत न्यायपीठ व खंडपीठ या शब्दांतील ‘पीठ’ हेही असेच आसनावरून संस्थेकडे गेले आहे.

‘पुल्पिट’ हा शब्द रोमन नाट्यगृहातील फळ्यांच्या मंचावरून चर्चमधील प्रवचनपीठाकडे आला. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकेत असे कोरीव लाकडी प्रवचनपीठ आहे. मशिदीतील ‘मिंबर’ हा पायऱ्यांचा असतो. वर उचलणे या अर्थाच्या अरबी धातूशी त्याचा संबंध आहे. त्यावरून शुक्रवारी होणाऱ्या खुत्ब्यात ज्या राजाचे नाव घेतले जाई, त्याची सत्ता मान्य झाली, असे समजले जाई. ट्युनिशियातील कैरुआन येथील मोठ्या मशिदीचा नवव्या शतकातील मिंबर हा उपलब्ध मिंबरांत सर्वांत जुना मानला जातो.

आधुनिक मराठीतील अर्थविस्तार : एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात सभा व व्याख्याने यांची नवी प्रथा सुरू झाली. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवात मंडपातील भाषणांची भर पडली. उभे राहून बोलणाऱ्या या नव्या वक्त्याच्या जागेला मराठीने पुराणिकाच्या आसनाचेच नाव दिले. इंग्रजीतील ‘प्लॅटफॉर्म’ या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द झाले : आगगाडीचा तो फलाट आणि वक्त्याचे ते व्यासपीठ. पुढे ‘समान व्यासपीठ’, ‘मुक्त व्यासपीठ’ अशा प्रयोगांत त्याला विचारविनिमयाची संधी असा अमूर्त अर्थही प्राप्त झाला. रोममध्ये नटाच्या मंचाचे नाव धर्मोपदेशकाकडे गेले. मराठीत धर्मोपदेशकाच्या आसनाचे नाव राजकीय वक्त्याकडे व कलावंताकडे आले.

नाव जुने राहिले, तरी त्यावर येणारी माणसे बदलली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कुटुंब पुराणकथनावर निर्वाह करीत असे व त्या स्वतः पुराण सांगत. १८८२ मध्ये पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर व्याख्याने दिली. एका स्त्रीने सभेत उभे राहून बोलणे, हे त्या वेळी टीकेचा विषय झाले. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८७३ मध्ये स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेने निघालेले जलसे आणि नंतरचे आंबेडकरी जलसे यांनी तमाशाचा ढंग प्रबोधनासाठी वापरला. त्यांना गावातील मोकळी जागा पुरेशी होती. ज्यांना पूर्वी पुराणिकासमोर दूर बसावे लागे, त्यांनी आपली सभा स्वतः उभारली. परिवर्तनवादी चळवळींच्या संमेलनांत ‘व्यासपीठ’ या शब्दाऐवजी ‘विचारपीठ’ किंवा ‘विचारमंच’ हे शब्द जाणीवपूर्वक योजले जातात, त्यामागे हा इतिहास आहे. यात व्यासांचे नाव गळले, तरी विचारपीठातील ‘पीठ’ मात्र राहिले आहे.

ग्रामीण भागात यापेक्षा साधी स्थळे आहेत. वड किंवा पिंपळ यांच्या बुंध्याभोवती बांधलेल्या पारावर गप्पा, कज्जे व करमणूक ही सर्व चालत. कन्नडमधील ‘कट्टे’ या शब्दाशी संबंधित असलेला ‘कट्टा’ हाही मूळचा बांधीव ओटाच. शहरांत तो आता अनौपचारिक चर्चेचे नाव झाला आहे. पारावर किंवा कट्ट्यावर वक्ता व श्रोता एकाच पातळीवर बसतात, हा व्यासपीठाहून त्यांचा मुख्य भेद होय. अर्थात गावच्या पारावर बसण्याचा अधिकारही सर्व जातींना सारखा नव्हता.

ध्वनिक्षेपक आल्यानंतर आवाज पोहोचविण्यासाठी उंचीची गरज फारशी उरली नाही. तरीही सभेत उंच मंच उभारला जातो, त्यावर कोणाला कोणत्या क्रमाने बसवावयाचे हे आधी ठरते आणि न बोलणाऱ्यांनाही तेथे बसविणे हा सन्मान समजला जातो. म्हणजेच उभ्याने बोलण्याची पद्धत रूढ होऊनही व्यासपीठाचा आसन हा मूळ अर्थ मराठी सभेत टिकून आहे.