कोळशाची मोटार, मोगली एरंड आणि आजचं ई-२०

परवा नांदगावात पेट्रोल भरायला थांबलो होतो. पुढच्या बाइकवाल्याचा पंपावरच्या पोराशी वाद चालला होता. "काहून बे, पन्नास देणारी गाडी सत्तेचाळीसवर आली. पाणी मिसळता काय यात?" पोरगं म्हणे, "पाणी नाही भाऊ, इथेनॉल हाये. वरूनच येते तसं."

मला आमचे आजोबा आठवले. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या कोळशाच्या मोटारीच्या गोष्टी ते रंगवून सांगत. लहानपणी आम्हाला त्या थापा वाटायच्या. पण त्या थापा नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, आपल्या देशात पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि माघार घेताना इंग्रजांनीच येनांजाँगच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या. तिकडचं तेल बंद झालं, आसामातल्या दिग्बोईचं पुरणार किती? मग देशभर मोटारींच्या मागं लोखंडी टाक्या बसल्या.

टाकीत लाकडी कोळसा पेटवायचा आणि हवा मुद्दाम कमी द्यायची. कोळसा पुरता जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा जळणारा वायू निघतो. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. पेट्रोलच्या मानानं तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद कमी मिळायची. सकाळी क्लीनर हाताने भाता फिरवून टाकी तापवणार, मग केव्हातरी गाडी सुरू होणार. चढ आला की माणसं उतरून चालायची. आजोबा म्हणत, "तिकीट काढून आम्हीच मोटार ढकलली." हा वायू विषारी, त्यामुळं बंद जागेत टाकी पेटवणं जिवावरचं काम. युद्ध संपलं, पेट्रोल परत आलं आणि टाक्या भंगारात गेल्या.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळणंही आजचं नाही. स्वतंत्र भारतात १९४८ मध्येच त्यासाठी पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोरची आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि देशभर मोगली एरंडाचा बोलबाला झाला. पडीक जमिनीवर लावा, पाणी नको, ढोरं तोंड लावत नाहीत, बियांपासून डिझेल, असं सांगितलं गेलं. कुंपणाला हे झाड आपल्याकडं होतंच. पण कुंपणाला जगणं वेगळं आणि पैसे देणारं पीक होणं वेगळं. पाणी नाही तर बी नाही, आणि पाणी असेल तर शेतकरी एरंड कशाला लावेल? २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवइंधन मिसळायचं ठरलं होतं. ते एक टक्क्याच्याही पुढं गेलं नाही. ज्यांनी बांध सोडून वावरात लावलं, त्यांनी ते स्वतःच्या पैशानं उपटलं.

तिसरी गोष्ट इथेनॉलची. २००१ मध्ये पहिले प्रयोग झाले ते आपल्याच राज्यात मिरज आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीला. २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवरची सिटी बस धावली, २०१८ मध्ये ती सेवा बंदही पडली. पेट्रोलमधलं मिश्रण मात्र वाढत गेलं. २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के.

आता पंपावरच्या वादाचं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल म्हणजे हिशेबानं सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजिन त्यासाठीच बनवलेलं असेल तर थोडं भरून निघतं, जुन्या गाडीत नाही. म्हणजे त्या बाइकवाल्याचा पाण्याचा संशय चुकीचा, पण अ‍ॅव्हरेजची तक्रार खरी.

पण आपल्या तालुक्याचा खरा प्रश्न पंपावर नाही, बाजार समितीत आहे. आपल्याकडं ऊस नाही, सोयाबीन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली आणि मक्याचं इथेनॉल जोरात वाढलं. मक्यातून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबड्यांच्या आणि ढोरांच्या खाद्यात स्वस्तात जातो. त्यानं सोयाबीनच्या ढेपेची जागा खाल्ली. ढेपेला उठाव नाही तर सोयाबीनला भाव नाही. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात काय मिळाला ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकटं इथेनॉल कारणीभूत नाही, जगातच सोयाबीन स्वस्त होतं. पण "शेतकरी ऊर्जादाता होणार" म्हणताना कोणता शेतकरी, हे कोणी सांगत नाही.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. बाहेरून तेल आणणं कमी झालंच पाहिजे. पण दरवर्षी आपण पऱ्हाटी आणि तुराट्या वावरातच पेटवून देतो. कोळशाच्या मोटारीनं दाखवलं होतं की लाकडातूनही गाडी चालते. आता तर अशा काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचं तंत्र आहे. तसा कारखाना वऱ्हाडात आला, तर इंधनाचे पैसे आपल्याही खिशात येतील. मागायचं असेल तर हे मागू.

तुमच्या घरात कोणी कोळशाच्या मोटारीत बसलं होतं का? मोगली एरंड लावला होता का? खाली लिहा. अन् या हंगामात सोयाबीन कितीनं गेलं, तेही लिहा.